आधी डेटा काढा, मग सेक्टर तपासा: टर्मिनलवरून हार्ड डिस्कची तपासणी

कॉपी करताना प्रोग्रेस बार एका जागी अडकतो. एखाद्या फोल्डरवर क्लिक केलं की अख्खा कॉम्प्युटर गोठतो आणि मिनिटभराने काही घडलंच नाही असा पुन्हा चालू लागतो. हार्ड डिस्कवर वाचता न येणारे सेक्टर आले की सुरुवात बहुतेकदा अशीच होते. अशा वेळी बरेच जण ऐकीव सल्ल्यावर विंडोजमध्ये चेकडिस्क स्लॅश आर ही डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड लावतात आणि झोपायला जातात. माझी कळकळीची विनंती आहे, तसं करू नका. ती कमांड वाईट नाही, पण तिची पाळी सगळ्यात शेवटी येते.

सांगलीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. माझ्याकडे येणाऱ्या डिस्क बहुतेक लग्नांचं शूटिंग करणाऱ्यांच्या असतात, आणि ‘डेटा निघेल का, मॅडम?’ हाच पहिला प्रश्न असतो. म्हणून आतल्या फायलींची दुसरी प्रत कुठेही नाही असं धरूनच मी कामाला लागते. आधी डिस्कलाच तिची तब्येत विचारायची, मग डेटा बाहेर काढायचा, मग एकेक सेक्टर वाचून बघायचा, आणि त्यावर काही लिहायचं ते अगदी शेवटी. हा क्रम का, हे कळायला सेक्टर खराब होतो म्हणजे नेमकं काय होतं ते आधी पाहू.

सेक्टर खराब होतो म्हणजे काय

डिस्कवरची माहिती छोट्या तुकड्यांत साठते. जुन्या डिस्कवर हा तुकडा ५१२ बाइटचा असे. २०११ च्या आसपासपासून आलेल्या बहुतेक डिस्कवर तो आतून ४०९६ बाइटचा असतो, पण बाहेर ५१२ चेच आठ सेक्टर असल्याचं दाखवतो. हा आठाचा हिशेब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. प्रत्येक सेक्टरसोबत चूक ओळखण्याची आणि थोडीफार सुधारण्याची जादा माहिती लिहिलेली असते. वाचलेलं तिच्याशी जुळलं नाही की डिस्क त्याच जागेवर पुन्हा पुन्हा जाते. तुमचा कॉम्प्युटर गोठतो तो नेमका याच वेळी.

शेवटी नाहीच जमलं, तर डिस्क वाचता आलं नाही असं कळवते आणि त्या सेक्टरचं नाव आतल्या एका यादीत टाकते. या यादीतले सेक्टर ‘पेंडिंग’. डिस्क ती जागा लगेच बदलत नाही, कारण तिथे मुळात काय लिहिलेलं होतं हे तिलाही ठाऊक नसतं. त्या जागी पुढच्या वेळी कुणी काही लिहील, याची ती वाट बघते. नवं लिहिलेलं नीट वाचता आलं तर जागा चांगली होती असं समजून नाव यादीतून काढते. नाहीच टिकलं, तर राखीव साठ्यातला एक सेक्टर त्या जागी लावते. याला ‘रीअ‍ॅलोकेटेड’ म्हणतात.

यातून दोन गोष्टी कळतात. लिहिता लिहिता वीज गेली किंवा कुणी केबल ओढली, तर सेक्टर अर्धवट लिहिला जातो आणि वाचता येत नाही, पण चकती (डिस्कच्या आत फिरणारी, डेटा साठवणारी तबकडी) धडधाकट असते. दुसऱ्या बाजूला, चकतीवर खरोखरच ओरखडा असेल तर आज चार सेक्टर आणि पुढच्या आठवड्यात चारशे. दोन्हींची सुरुवात सारखी दिसते. दुसरं म्हणजे, ‘बॅड सेक्टर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर’ म्हणून जे काही मिळतं ते त्या जागेवर काहीतरी लिहितं, एवढंच. यादी रिकामी होते, पण तिथला डेटा कायमचा जातो. डेटा आधी काढा असं मी एवढं बजावते ते यासाठी.

तयारी

कॉम्प्युटरवर लिनक्स नसेल तर उबुंटूचा लाइव्ह पेन ड्राइव्ह बनवा आणि इन्स्टॉल न करता ‘ट्राय उबुंटू’ निवडून चालू करा. विंडोज आपणहून डिस्कवर काहीबाही लिहितं आणि ‘डिस्क दुरुस्त करायची का?’ असं विचारत राहतं. ते टळतं.

खालच्या कमांड टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, द्यायच्या. मी त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान लिपीत आणि इंग्रजी आकड्यांत करायच्या. ‘सुडो’ म्हणजे एस, यू, डी, ओ. ‘डेव्ह’ म्हणजे डी, ई, व्ही. एसडीबीसारखी नावं एकेक अक्षर करून, म्हणजे एस, डी, बी. आधी दोन साधनं इन्स्टॉल करा, पहिलं डिस्कची तब्येत विचारायला, दुसरं डेटा काढायला.

सुडो एपीटी इन्स्टॉल स्मार्टमॉनटूल्स जीडीडीरेस्क्यू

एकेक सेक्टर वाचून बघणारी बॅडब्लॉक्स ही कमांड वेगळी घ्यावी लागत नाही. ती ईटूएफएसप्रॉग्ज या संचात येते आणि तो संच उबुंटूवर असतोच. आता आपली डिस्क कोणती ते ओळखा, पुढच्या कमांडमध्ये एसडीबीच्या जागी तिचंच नाव घालायचं.

एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,मॉडेल,सिरियल

स्वल्पविरामानंतर जागा सोडू नका. समोर आलेला सिरियल नंबर डिस्कच्या लेबलवरच्या नंबराशी जुळवून पाहा. मी तो मोठ्याने वाचते आणि दुकानातला मुलगा लेबलवर बोट ठेवून हो म्हणतो. एवढा सोपस्कार करण्याचं कारण असं की एसडीबी, एसडीसी ही नावं कायमची नसतात. केबल काढून पुन्हा लावली की आज एसडीबी असलेली डिस्क एसडीसी होऊ शकते. पुढे लिहिणाऱ्या कमांड येणार आहेत आणि त्या चुकीच्या डिस्कवर चालल्या तर परत फिरायला वाट नाही. जास्त खात्री हवी असेल तर /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी या फोल्डरमधलं लांबलचक नाव वापरा, त्यात मॉडेल आणि सिरियल दोन्ही असतात.

उबुंटूने डिस्क आपोआप उघडली असेल तर फाइल मॅनेजरमधून ती अनमाउंट करा. आणि हो, डिस्कमधून टकटक असा ठोका ऐकू येत असेल, किंवा ती फिरायला लागून परत परत थांबत असेल, तर यातली एकही कमांड चालवू नका. वीज काढा. हेड, म्हणजे वाचणारा भाग, चकतीला घासत असेल तर चालू राहिलेलं प्रत्येक मिनिट नुकसान वाढवतं. ते काम क्लीन रूम (धूळमुक्त खोली) असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्यांचं आहे.

डिस्कला विचारा

सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीबी

यूएसबीच्या डबीतली डिस्क असेल आणि ‘अननोन यूएसबी ब्रिज’ असं उत्तर आलं, तर मधे -डी सॅट (एस, ए, टी) घालून पाहा, बहुतेक डब्या त्याने बोलायला लागतात. तरीही नाही जमलं तर डिस्क डबीतून काढून कॉम्प्युटरच्या आतल्या साटा केबलवर थेट लावा. काही पोर्टेबल डिस्कच्या सर्किट बोर्डवरच यूएसबीचं सॉकेट जोडलेलं असतं, त्यांच्या बाबतीत हा मार्ग बंद असतो.

उत्तर लांबलचक येतं. डिस्क स्वत:च्या तब्येतीची ही जी नोंद ठेवते तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. वरच ‘पास्ड’ असं दिसतं आणि लोक तिथेच थांबतात. थांबू नका. ‘पास्ड’चा अर्थ एवढाच की कंपनीने ठरवलेली धोक्याची रेषा अजून ओलांडलेली नाही. पेंडिंग सेक्टर असलेल्या कितीतरी डिस्क मी ‘पास्ड’ म्हणताना पाहिल्या आहेत. खाली जो तक्ता आहे त्यातला उजवीकडचा शेवटचा रकाना, ‘रॉ व्हॅल्यू’, तो बघायचा.

मी पहिल्यांदा १९७ नंबरची ओळ बघते. ती पेंडिंग सेक्टरची. मग ५ नंबर, रीअ‍ॅलोकेटेड. मग १९८, म्हणजे डिस्कला स्वत:च्या तपासणीत वाचता न आलेले, आणि १८७ असेल तर तीही, म्हणजे कॉम्प्युटरला कळवलेल्या न सुधारता आलेल्या चुका. या चारही ठिकाणी शून्य हवं. ९ नंबरला डिस्क एकूण किती तास चालली ते दिसतं. सेकंडहँड डिस्क ‘जवळजवळ नवी आहे’ म्हणून देतात तेव्हा ही ओळ जरूर बघा.

१९९ नंबर वेगळा आहे. तो डिस्क आणि कॉम्प्युटर यांच्यातल्या रस्त्यावर झालेल्या चुका मोजतो. ५ आणि १९७ शून्य, पण १९९ वाढत चाललाय, तर दोष बहुतेक वेळा केबलचा किंवा सैल कनेक्टरचा असतो. विट्याच्या एका फोटोग्राफरची डिस्क ‘गेलेली’ म्हणून माझ्याकडे आली होती. तिच्यावर फक्त हीच ओळ फुगलेली होती. साटा केबल बदलली आणि आकडा होता तिथेच थांबला. हा आकडा मागे येत नाही, त्यामुळे तो शून्य होण्याची वाट बघू नका, वाढायचा थांबला की झालं.

आणि सीगेटच्या डिस्कवर १ आणि ७ नंबरला कोट्यवधींचे आकडे दिसले तर घाबरू नका. त्या एकाच आकड्यात चुकांसोबत एकूण किती वेळा वाचलं-शोधलं तेही कोंबलेलं असतं.

या आकड्यांवर किती विसंबायचं? २००७ मध्ये गूगलच्या तीन अभियंत्यांनी एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडल्यावर पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क जाण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होती. म्हणजे आकडा दिसला तर तो गंभीरपणे घ्यायचा. पण त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कवर तापमान सोडलं तर एकाही ओळीत काहीच दिसलं नव्हतं. म्हणजे सगळी शून्यं दिसली म्हणून बॅकअप घ्यायचं सोडायचं नाही.

डेटा बाहेर काढा

१९७ किंवा १९८ मध्ये काहीही असेल तर तपासणी इथे थांबवा आणि आधी प्रत काढा. नेहमीचं कॉपी-पेस्ट इथे उपयोगाचं नाही. ते पहिल्या खराब सेक्टरवर अडतं आणि तिथेच डिस्कला रगडत बसतं. जीएनयू डीडीरेस्क्यू उलट वागतं. अडलेली जागा सोडून पुढे जातं, आधी सोपा भाग पदरात पाडून घेतं आणि अवघड जागांकडे नंतर वळतं.

सुडो डीडीरेस्क्यू -डी -एन /डेव्ह/एसडीबी डिस्क.आयएमजी डिस्क.मॅप

पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू असलं तरी कमांड डीडीरेस्क्यूच आहे. -एन ने पहिल्या फेरीत अवघड जागा खरवडायच्या नाहीत असं सांगितलं. ही फेरी संपली की तीच दोन फाइल-नावं ठेवून दुसरी.

सुडो डीडीरेस्क्यू -डी -आर३ /डेव्ह/एसडीबी डिस्क.आयएमजी डिस्क.मॅप

-आर३ म्हणजे उरलेल्या जागांवर आणखी तीनदा प्रयत्न. शेवटची मॅप फाइल फार मोलाची आहे. कुठपर्यंत काम झालं, कुठली जागा राहिली, सगळं तिच्यात असतं. मधेच वीज गेली तरी तीच कमांड पुन्हा दिली की काम तिथून पुढे सुरू होतं. आमच्याकडे पावसाळ्यात हा प्रसंग येतोच. इमेज फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची प्रत, दुसऱ्या डिस्कवर ठेवायची, त्या डिस्कवर मूळ डिस्कच्या पूर्ण आकाराएवढी जागा हवी (दोन टीबीची डिस्क अर्धी रिकामी असली तरी दोन टीबी), आणि ती फॅट३२ नको, कारण त्यावर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

फाइल सिस्टिमची, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याच्या नोंदींची, जी काही दुरुस्ती करायची ती या इमेजच्या प्रतीवर करा. चेकडिस्कची पाळी इथे. त्याला मरणासन्न डिस्कवर सोडलं तर ते सापडतील त्या नोंदी जुळवत, न जुळलेल्या तोडत जातं. मग नवरा-नवरीच्या नावाचं फोल्डर नाहीसं होतं आणि फाउंड.००० नावाच्या फोल्डरमध्ये सीएचके शेपटाच्या बेनाम फायलींचा ढीग पडतो.

डिस्कची स्वत:ची लांब चाचणी

डेटा सुरक्षित झाला, किंवा आकडे शून्यच होते, तर आता पूर्ण पृष्ठभाग वाचून घ्या. सगळ्यात कमी त्रासाची पद्धत म्हणजे हे काम डिस्कवरच सोपवणं.

सुडो स्मार्टसीटीएल -टी लाँग /डेव्ह/एसडीबी

कमांड लगेच परत येते आणि चाचणी डिस्कच्या आत चालू राहते. किती वेळ लागेल तेही तिथेच सांगते. मोठ्या डिस्कला कित्येक तास लागतात. ‘शॉर्ट’ चाचणीही आहे, साधारण दोन मिनिटांची, पण ती पूर्ण पृष्ठभाग बघत नाही. दुकानात डिस्क आणणाऱ्यासमोर उभ्या उभ्या करायला ठीक.

यूएसबीच्या डब्यांचा एक त्रास असा की काही वेळ कुणी काही विचारलं नाही की त्या डिस्कला झोपवतात आणि चाचणी अर्धवट तुटते. म्हणून दुसऱ्या खिडकीत दर मिनिटाला विचारपूस चालू ठेवा.

वॉच -एन ६० सुडो स्मार्टसीटीएल -सी /डेव्ह/एसडीबी

चाचणी संपल्यावर निकाल असा बघायचा.

सुडो स्मार्टसीटीएल -एल सेल्फटेस्ट /डेव्ह/एसडीबी

‘कम्प्लीटेड विदाउट एरर’ आलं तर उत्तम. ‘कम्प्लीटेड: रीड फेल्युअर’ आलं तर त्याच ओळीत शेवटी पहिल्या खराब सेक्टरचा क्रमांक असतो. तो कागदावर लिहून घ्या. बऱ्याच डिस्क पहिल्या चुकीलाच थांबतात, त्यामुळे पुढे आणखी किती आहेत हे यातून कळत नाही. त्यासाठी बॅडब्लॉक्स.

बॅडब्लॉक्स, वाचण्यापुरतं

सुडो बॅडब्लॉक्स -एसव्ही -बी ४०९६ -ओ खराब.टीएक्सटी /डेव्ह/एसडीबी

कुठलाही खास पर्याय दिला नाही तर बॅडब्लॉक्स फक्त वाचतं, लिहित नाही. एस म्हणजे प्रगती दाखव, व्ही म्हणजे सविस्तर बोल, ओ पुढे यादीची फाइल. बी ४०९६ मी नेहमी देते. न दिल्यास ते १०२४ बाइटचा ब्लॉक धरतं, आणि ब्लॉकचे क्रमांक ३२ बिटांत मावावे लागत असल्याने चार टीबीहून मोठ्या डिस्कवर ‘व्हॅल्यू टू लार्ज’ म्हणून नकार देतं. ४०९६ ला १६ टीबीची डिस्कही चालते.

वेळेचा अंदाज सोपा आहे. डिस्क सरासरी सेकंदाला १०० एमबी वाचत असेल तर दोन टीबीला साडेपाच तास. लॅपटॉप झोपणार नाही अशी सेटिंग करा, चार्जर लावा. दुसऱ्या खिडकीत सुडो डीएमईएसजी -डब्ल्यू चालू ठेवलं तर कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) तक्रार त्या त्या क्षणी दिसते, ‘आय/ओ एरर’ आणि पुढे सेक्टरचा क्रमांक. बॅडब्लॉक्सच्या ओळीत शेवटी कंसात तीन आकडे असतात: वाचण्याच्या चुका, लिहिण्याच्या चुका, आणि लिहिलेलं-वाचलेलं न जुळल्याच्या चुका. वाचण्याच्या फेरीत पहिल्याच आकड्याकडे लक्ष द्यायचं. फाइलमध्ये आलेला क्रमांक ४०९६ च्या ब्लॉकचा आहे. त्याला आठाने गुणलं की सेक्टरचा क्रमांक मिळतो.

कुठली फाइल गेली

सेक्टर खराब आहे एवढं कळून ग्राहकाचं समाधान होत नाही. त्याला हवं असतं ते ‘माझं काय गेलं?’ याचं उत्तर. एका डिस्कचं उदाहरण सांगते. १९७ आणि १९८ मध्ये १६, बाकी सगळीकडे शून्य. ४०९६ च्या डिस्कवर हा आकडा बरेचदा आठाच्या पटीत असतो. १६ म्हणजे प्रत्यक्षात दोनच सेक्टर. लांब चाचणीने पहिला क्रमांक दिला २४५८१२०४८. सुडो एफडिस्क -एल ने दिसलं की पार्टिशन २०४८ पासून सुरू होतं. वजा केले, राहिले २४५८१००००. डिस्क एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) होती, म्हणून ते सेक्टर कुठल्या फाइलचे ते असं विचारलं:

सुडो एनटीएफएसक्लस्टर -एस २४५८१००००-२४५८१००१५ /डेव्ह/एसडीबी१

इथे शेवटी एक आहे हे बघा, कारण आता आपण पार्टिशनला विचारतोय, अख्ख्या डिस्कला नाही. उत्तरात एकाच फाइलचं नाव आलं: हळदीच्या कार्यक्रमाचा तयार झालेला व्हिडिओ. मूळ क्लिप दुसऱ्या फोल्डरमध्ये शाबूत होत्या. मी फोन करून फोटोग्राफरला सांगितलं की हळद पुन्हा रेंडर करा, बाकी सगळं आहे. असं नेमकं उत्तर देता येतं म्हणून मला हे टर्मिनलचं काम मनापासून आवडतं.

आता लिहायचं

प्रत हातात आहे, गेलेली फाइल कुठली ते कळलंय, तर आता त्या दोन सेक्टरवर शून्यं लिहून डिस्क काय करते ते बघता येतं. क्रमांक ४०९६ च्या हिशेबात हवा, म्हणून २४५८१२०४८ ला आठाने भागलं: ३०७२६५०६.

सुडो डीडी आयएफ=/डेव्ह/झीरो ओएफ=/डेव्ह/एसडीबी बीएस=४०९६ सीक=३०७२६५०६ काउंट=२ ओफ्लॅग=डायरेक्ट

ही कमांड एंटर करण्याआधी हात कीबोर्डवरून काढा आणि ती डावीकडून उजवीकडे वाचा. ओएफपुढे हीच डिस्क आहे ना? सीक आणि काउंट दोन्ही लिहिलेत ना? काउंट राहिला तर शून्यं डिस्कच्या शेवटापर्यंत जातात. एचडीपार्म नावाच्या कमांडनेही एक सेक्टर लिहिता येतो, आणि तिच्या लेखकाने त्यासाठी ‘मी काय करतोय हे मला कळतंय’ अशा अर्थाचा भलामोठा पर्याय टाइप करायला लावला आहे. मला ती खबरदारी योग्यच वाटते. पण ती ५१२ बाइट लिहिते. ४०९६ च्या डिस्कला तेवढ्यासाठी आधी उरलेला सेक्टर वाचावा लागतो, आणि तोच तर वाचता येत नसतो. म्हणून नव्या डिस्कवर मी डीडीच वापरते.

लिहून झाल्यावर पुन्हा स्मार्टसीटीएल. त्या डिस्कवर १९७ शून्यावर आला आणि ५ शून्यच राहिला. म्हणजे चकती चांगली होती, लिहिताना केबल निघाल्याचा तो प्रकार होता. लांब चाचणी पुन्हा लावली, ती निर्दोष गेली, डिस्क परत दिली.

उलट ५ वाढला तर डिस्कने राखीव जागा वापरली. असे दोन-चार सेक्टर होऊन आकडा महिनोन् महिने तिथेच थांबला, तर ती डिस्क सिनेमे-गाणी ठेवायला चालेल. लग्नाच्या कामाला नाही. आणि दोन चाचण्यांमध्ये १९७ किंवा ५ वाढत असेल तर माझ्याकडे त्यावर चर्चा नसते, डिस्क बदलायची. अशा डिस्कवर पार्टिशन पाडून ‘खराब भाग सोडून बाकीचा वापरू’ असंही करू नका. प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर, तारीख आणि हे आकडे मी एका वहीत लिहून ठेवते, कारण एकटा आकडा फार कमी सांगतो, वाढतोय की थांबलाय ते दोन तारखांमधून कळतं.

विंडोजवरच काम करायचं असेल तर स्मार्टमॉनटूल्स तिथेही मिळतं. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या खिडकीत स्मार्टसीटीएल --स्कॅन दिलं की डिस्कची नावं दिसतात, पुढचं सगळं सारखंच. नुसतं सीएचकेडीएसके डी: (म्हणजे चेकडिस्कच) हे फक्त नोंदी तपासतं, पृष्ठभाग नाही. स्लॅश आर पृष्ठभाग वाचतं आणि सोबत दुरुस्तीही करतं, म्हणून ते बॅकअप झाल्यावर.

नवी डिस्क घेतल्यावर

नव्या कोऱ्या डिस्कवरही कारखान्यात सापडलेल्या खराब जागांची यादी असते, ती फक्त आपल्याला दिसत नाही. पूर्वीच्या डिस्कवर ती चक्क कागदी लेबलावर छापून यायची. म्हणून नवी डिस्क कामाला लावण्याआधी, ती पूर्ण रिकामी असतानाच, तिची एकदा कसून परीक्षा घ्या.

सुडो बॅडब्लॉक्स -डब्ल्यूएसव्ही -बी ४०९६ /डेव्ह/एसडीबी

इथल्या डब्ल्यूमुळे डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. चार वेगवेगळे नमुने पूर्ण डिस्कवर लिहून प्रत्येक वेळी परत वाचले जातात, म्हणजे एकूण आठ फेऱ्या. दोन टीबीला जवळपास दोन दिवस. आधी आणि नंतर स्मार्टसीटीएलचे आकडे घ्या. ५, १९७ किंवा १९८ शून्याच्या वर गेला तर दुकानदाराची बदलून देण्याची मुदत संपण्याआधी डिस्क परत करा. डेटा तसाच ठेवून वाचून-लिहून परत जागेवर ठेवणारा -एन पर्यायही आहे. पण मधे वीज गेली तर काय, या एका विचाराने मी तो वापरत नाही.

एसएसडीवर (चकतीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कवर) ही डब्ल्यूची परीक्षा नको, तिचं आयुष्य लिहिण्यात खर्च होतं. तिथे स्मार्टसीटीएल पुरतं. एनव्हीएमई (एसएसडीचाच वेगवान प्रकार) असेल तर ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ शून्य आहे का आणि ‘अव्हेलेबल स्पेअर’ किती टक्के उरलंय ते बघा.

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डला स्मार्टचे आकडे बहुधा नसतातच. त्यांच्यात दुसरा धोका असतो, वर लिहिलेली क्षमता आत नसण्याचा. त्यासाठी एफ३ हे पॅकेज घ्या. कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करा, कॉम्प्युटरला लावून ते कुठे माउंट झालंय ते बघा, आणि त्या फोल्डरवर आधी एफ३राइट, मग एफ३रीड चालवा. पहिली कमांड रिकामी जागा फायलींनी भरते, दुसरी त्या वाचून ताडून बघते. शेवटी ‘डेटा लॉस्ट’ पुढे शून्य बाइट आलं तर चाचणीच्या फायली पुसा आणि कार्ड कामाला घ्या. शून्याशिवाय काहीही आलं तर त्या कार्डावर शूटिंग करू नका.